आत्याचा गांधार

गुरुवार

"पेटी बोंबलतेय. चार दिवस रजा टाक आणि ये." आत्याचा फोन एवढाच. कशी आहेस वगैरे विचारायच्या आत ठेवूनही दिला. बँकेत फेब्रुवारीत रजा मागणं म्हणजे मार्चच्या तोंडावर शिव्या खाणं. तरी मागितली, मिळाली, आणि संध्याकाळी कल्याणला पंचवटी एक्सप्रेसमध्ये शिरलो. कसाऱ्यापर्यंत उभा, घाटात बसायला मिळालं, नाशिकरोडला उतरलो तर कानाला थंडी लागली.

पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत पेटी नेहमीच्याच जागी, देवघराच्या बाजूला. आजोबांनी घेतलेली. आत्याने जेवायला वाढायच्या आधी ती वाजवून दाखवली. भात्यातून दमेकऱ्यासारखी हवा जाते, आणि काळी दोन एकदा दाबली की सुटतच नाही, रडत राहते. आत्या आता काळी तीनमध्ये गाते, म्हणजे तिसरी काळी पट्टी हा तिचा षड्ज, तिचा सा. (तरुणपणी काळी पाच. वय झालं की गळा उतरतो आणि ते कुणालाच सांगायचं नसतं.) तेव्हा काळी दोन म्हणजे तिचा धैवत, तिचा ध. ऐन भजनात धैवत रडायला लागला तर काय करणार?

"आणि हिचा गांधार," ती म्हणाली, "तो तर मला पहिल्यापासून टोचतो. पण ते काय दुरुस्त होण्यासारखं नाही."

मी कॉलेजात गिटार वाजवायचो. चार वर्षं. मला त्या गांधारात, म्हणजे सारेगमतल्या ग मध्ये, काही टोचण्यासारखं वाटलं नाही. पिठलं फर्मास होतं.

शुक्रवार

सकाळी गोदाघाटावर चक्कर. रामकुंडावर थंडीतही लोक बुडी मारत होते, पात्राच्या कडेला कोथिंबीर-मेथीच्या जुड्या लागल्या होत्या, आणि एका लाऊडस्पीकरवर भक्तिगीत चाललं होतं ज्याच्या मागे ड्रमसेट, बेस गिटार आणि पाश्चात्त्य व्हायोलिनांचा ताफा होता. मी या सहलीत पूर्व आणि पश्चिम शोधायला आलो नव्हतो. पण एकदा कान त्या बाजूला वळला की नाशिकमध्ये तेच ऐकू यायला लागतं.

दहा वाजता आत्याच्या शेजाऱ्याच्या स्कूटरवर, पायांच्या मध्ये पेटी धरून, जुन्या नाशकात गेलो. तांबट आळीच्या बाजूने जाताना तांब्याच्या भांड्यांवर हातोड्या पडत होत्या, आणि खरं सांगतो, त्यात लय होती. दुकान म्हणजे एक ओटा आणि मागे अंधार. पेटीवाले काका सत्तरीचे. त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"किती वर्षांत उघडली नाही?"

"आत्याला विचारावं लागेल."

"म्हणजे वीस."

झाकण काढलं. आत एक वाळलेलं झुरळ, तुळशीची पानं आणि चार आण्याचं नाणं. पट्ट्या काढल्यावर खाली सुरांच्या ओळी दिसल्या: एक खर्जाची, खालच्या आवाजाची, आणि एक नराची, तिच्याहून वरची. प्रत्येक सूर म्हणजे पितळेची चौकट आणि तिच्यावर एका टोकाला रिव्हेट मारलेली पातळ जीभ. हवा आली की जीभ थरथरते. झालं, एवढीच पेटी.

काळी दोनचा रडका धैवत म्हणजे नुसती स्प्रिंग निघाली, पाच मिनिटांचं काम. पण त्याच्या शेजारचा सूर उतरला होता. काकांनी जिभेखाली जाड कागदाची पट्टी सरकवली, बारीक टोकाच्या हत्याराने तिच्या मोकळ्या टोकावर तीन-चार वेळा हलकेच ओढलं, फुंकर मारली, सूर परत बसवला, भाता हलवून ऐकला. परत काढला. परत दोनदा ओढलं.

"टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो," ते म्हणाले. "पण पितळ परत चिकटवता येत नाही. म्हणून ऐकायचं जास्त, खरवडायचं कमी."

मी दोन तास तिथेच बसलो. काकांचं काम बघताना मनात येत होतं की ही पेटी आपल्याकडे किती आडवाटेने आली. पॅरिसच्या देबाँने १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हा ते पायाने भाते दाबायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं फर्निचर होतं. आपण गाणारी माणसं मांडी घालून बसणारी. १८७५ साली कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी पाय काढून टाकले आणि भाता मागे, हाताशी आणला. म्हणजे दोन हातांचं वाद्य एका हाताचं केलं. युरोपात डाव्या हाताने ज्या स्वरसंगती धरायच्या, त्या आपल्याला नकोच होत्या. डावा हात हवा घालायला मोकळा. तिकडे पुढे हार्मोनियम मागे पडला. इकडे तो देवळात, तमाशात, कीर्तनात आणि संगीत नाटकात गेला.

विरोधही झाला, आणि तो कुणी केला हे मजेशीर आहे. आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारा जॉन फोल्ड्स हा इंग्रज संगीतकार म्हणत होता की हे युरोपी यंत्र भारतीय गाण्याचा घात करतंय. रवींद्रनाथांचंही तेच मत. १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी आली ती १९७१ पर्यंत. तीस वर्षं सरकारी रेडिओने पेटी हद्दपार केली आणि घरोघरच्या आत्यांनी ती तशीच वाजवली.

काकांना मी आत्याच्या गांधाराची तक्रार सांगितली. ते हसले नाहीत.

"बरोबर बोलल्या. पेटीचा गांधार चढाच असतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं: तंबोरा जुळला की षड्जातूनच एक गांधार आपोआप ऐकू येतो. षड्जाशी त्याचं प्रमाण ५:४. पेटीत मात्र सप्तकाचे बारा अगदी सारखे तुकडे पाडलेले असतात, पियानोसारखे. सप्तक १२०० सेंटचं धरलं तर तंबोऱ्यातला गांधार ३८६ वर येतो, पेटीचा ४०० वर. चौदा सेंटचा फरक. सेंट म्हणजे पेटीतल्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ऐकायला नगण्य. पण लांबलेल्या गांधारावर तंबोरा आणि पेटी एकत्र वाजली की हवेत काहीतरी घासल्यासारखं होतं.

"मग उतरवून द्या ना."

"देतो की. गांधार ट्यूनिंग म्हणतात त्याला, सोलोवाले करून घेतात. आत्या कुठल्या पट्टीत गातात?"

"काळी तीन."

"मग त्यांचा गांधार काळी पाच. ती उतरवली. आता मला सांगा, ही पेटी अजून कोण वापरतं?"

भजनी मंडळ. अकरा बायका. मी बोटं मोजायला लागलो तेव्हा त्यांनी थांबवलं.

"त्यांत कुणीतरी काळी पाचला गात असणार. त्यांचा षड्जच खाली येईल. आणि सगळी पेटी आत्यांच्या पट्टीत लावली तर त्या बाईंचा गांधार आजच्यापेक्षाही वर जाईल. एकीचं बरं केलं की दुसरीचं बिघडलं. म्हणून तर साहेबलोकांनी सगळ्यांचं सारखंच थोडं थोडं बिघडवून ठेवलंय."

समान स्वरांतराची इतकी नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही.

दुकानाच्या पायरीवरून आत्याला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, "काळी पाचला कुलकर्णीणबाई गातात. राहू दे आहे तसं. भाता तेवढा नीट करायला सांग."

काका म्हणाले, रविवारी दुपारी न्या.

दुपारी पंचवटीत परतताना विष्णु दिगंबर पलुसकरांची आठवण झाली. पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, गाणं वर्गात आणलं, परीक्षा आणल्या, तिकीट लावून जलसे केले, स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसवली. घराण्याच्या ओसरीवरून गाणं शाळेच्या बाकावर नेलं. तो साचा सरळ पाश्चात्त्य शाळेचा होता. आत भरलेला माल मात्र ग्वाल्हेर घराण्याचा, आणि वरून रामनाम. हाच माणूस १९२० नंतर नाशिकला आला आणि इथे त्याने रामनामाचा आश्रम काढला. त्यांच्या शिष्यांपैकी बी. आर. देवधर मुंबईत रीतसर पाश्चात्त्य संगीत शिकले. गुरूने साचा आणला, शिष्य थेट मूळ गावाला जाऊन आला म्हणायचं.

शनिवार

पेटी नाही, त्यामुळे आत्याचा दिवस मोकळा आणि माझाही. ती म्हणाली, सिन्नरला जाऊन ये, गोंदेश्वर बघ, मी येत नाही, गुडघे. एसटीने गेलो. रस्ता पुण्याचाच, तासाभराचं अंतर. बसमध्ये शेजारच्या आजोबांनी माझ्या मांडीवर द्राक्षांची पेटी ठेवली ती उतरेपर्यंत. (नाशिकला मांडीवर कुठली ना कुठली पेटी असतेच.)

गोंदेश्वर देखणं आहे. मधलं मोठं शिवालय, चार कोपऱ्यांत चार लहान, सगळं काळ्या दगडाचं पंचायतन. शनिवार असून गर्दी नव्हती. मी चौथऱ्यावर बसलो आणि कानात इयरफोन घातले, कारण एक जुना बेत होता.

सिन्नर म्हणजे यादवांचं सुरुवातीचं ठाणं. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने राजधानी देवगिरीला हलवली. तिथे पुढे सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणं काश्मिरातून आलेलं, हुद्दा हिशेबखात्याचा. म्हणजे आमच्याच लाइनीतला माणूस. दिवसा जमाखर्च बघायचा आणि उरलेल्या वेळात त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातल्या तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे. त्यातले बहुतेक आज आपल्याकडे कुणी वाजवत नाही.

ही यादी विसाव्या शतकात एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली आणि ऑलिव्हिए मेसियाँ नावाच्या तरुण संगीतकाराच्या हाती लागली. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत पडला. गॉर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ ला त्याची एक रचना पहिल्यांदा वाजली. वाद्यं चारच: व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो, पियानो, कारण तेवढेच वादक होते. तिच्या पहिल्या भागात पियानोकडे तीन ताल एकामागून एक दिलेले आहेत: रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश. शार्ङ्गदेवाच्या यादीतले, नावांसकट.

तोच भाग मी गोंदेश्वराच्या चौथऱ्यावर ऐकत होतो. आणि कबूल करतो, पहिल्या दोन वेळेला मला ताल सापडलाच नाही. आपला कान समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघतो. इथे सम येत नाही. तीन तालांचे मिळून १७ आघात होतात आणि ते पुन्हा पुन्हा फिरतात. त्यांच्यावर २९ स्वरसमूहांची दुसरी साखळी फिरत असते. १७ आणि २९ ला भाग जात नाही, त्यामुळे दोन्ही एकदम सुरुवातीला यायला ४९३ आघात लागतात, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. म्हणजे त्याने आवर्तन घेतलं आणि सम मुद्दाम सोडून दिली. कुणी पखवाजियाने त्याला ठेका शिकवला असता तर हे सुचलंच नसतं. कागदावरची लांब-आखूड मापं तेवढी त्याला मिळाली, हातातली थाप मिळाली नाही. पुढे १९४८ साली त्याने पुऱ्या केलेल्या मोठ्या वाद्यवृंदरचनेचं नावच 'तुरंगलीला'. तेही त्या यादीतलंच.

सतार आणि बीटल्सची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिच्यात वाद्य दिसतं, फोटो दिसतात. हिशेबनिसाची यादी कुणाला दिसत नाही. मला स्वतःला ती यादीच जास्त खोलवर गेलेली वाटते. मतभेद असू शकतो; माझा गिटारवाला मित्र या वाक्यावर भांडेल.

तिसऱ्यांदा ऐकत असताना देवळात सहलीची शाळा शिरली आणि 'रागवर्धन' शंभर पोरांच्या आरड्यात बुडाला. बसस्टँडवर भेळ खाऊन परत आलो.

संध्याकाळी आत्याच्या गल्लीत वरात. लग्न कुणाचं ते कळलं नाही. खिडकी बंद करून उपयोग नव्हता, तेव्हा खाली जाऊन उभा राहिलो. पुढे बँड: लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, ट्रम्पेट, युफोनियम, पोटावर मोठा ड्रम, झांजा. मागे हातगाडीवर भोंगे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि बेंजो. त्याच्या मागे ढोल-ताशा.

लष्करी बँड आपल्याकडे इंग्रजांच्या छावण्यांतून आला हे खरं. नाशिकला तर देवळाली अंगणातच. पण मोठा ड्रम आणि झांजा मुळात इंग्रजांच्या नव्हतेच. तुर्की सुलतानांच्या शिपायांपुढे मेहतर नावाचा वाजपा चालायचा. अठराव्या शतकात युरोपच्या फौजांनी त्याचा मोठा ढोल, झांजा आणि त्रिकोण उचलला. मोझार्टने १७८२ साली तो आवाज ऑपेरात नेला. मग युरोपचा म्हणून तोच बँड जहाजातून आपल्याकडे उतरला. पूर्वेचा ढोल पश्चिमेला जाऊन कोट घालून परत आला, आणि आमच्या गल्लीत त्याच्या मागे तांब्याचा ताशा चालतो. त्या ताशालाही आता कातडं नसतं. फायबरचं पान असतं. अमेरिकेत १९५० च्या दशकात ड्रमवर चढलेलं प्लॅस्टिक ते हेच. पावसात सैल पडत नाही आणि विस्तवावर शेकावं लागत नाही. नाशिक ढोल स्वतः केरळपर्यंत पोचलाय. तिथल्या उत्सवांत पोरं 'नासिक ढोल' याच नावाने पथकं काढतात.

पण खरी मजा बेंजोची. गाडीवरचा पोरगा डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबत होता आणि उजव्या हाताने तारा छेडत होता. त्याला बेंजो म्हणतात, पण अमेरिकन बँजोशी त्याचं काही नातं नाही. १९१२ साली जपानच्या नागोयात गोरो मोरिताने टाइपरायटरच्या बटणांवरून ही युक्ती काढली: तैशोगोतो. आपल्याकडे येऊन त्याचा बुलबुलतरंग झाला, आणि वरातीत भोंग्याला जोडल्यावर बेंजो. नाव मूळ आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या गुलामांच्या वाद्याचं, यंत्र जपानी, चाल कोळीगीताची, आणि नवरदेवाचे काका त्यावर लोळून नाचत होते. पोराला विचारलं, कुणाकडे शिकलास? "बघून बघून," तो म्हणाला.

दहाला बंद होणं अपेक्षित होतं. अकराला झालं.

रविवार

झोप अर्धवट, तरी सकाळी शरणपूरला गेलो. इथे मिशनऱ्यांची जुनी वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा द्यायला होता. नाशिकच्या शाळेत शिकलेला पोरगा! तो मराठी गात असेल का, हा प्रश्न मला दिवसभर सुटला नाही.

चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. एक गीत ऑर्गनवर, इंग्रजी चालीत, शब्द मराठी. शब्दांवर आघात भलत्याच ठिकाणी पडत होते आणि लोक जरा ताठ गात होते. पुढचं गीत अभंगाच्या छंदात, तबला आणि पेटीवर. लगेच खांदे सैल झाले, म्हाताऱ्या बायकांनी टाळ्या धरल्या. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी हेच ओळखलं होतं, ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणलं. त्यांच्या लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, इथून जवळच, गोदावरीकाठी. फक्त एक गंमत: जे गीत 'आपलं' म्हणून सगळे मोकळे झाले, त्याच्या साथीला जी पेटी होती ती पॅरिसची.

दुपारी पेटी आणली. भाता आता बाळासारखा श्वास घेतो. काकांनी चार आणे परत दिले, पुडीत बांधून.

संध्याकाळी पाचला भजनी मंडळ जमलं. अकरापैकी नऊ. कुलकर्णीणबाई काळी पाचला गायल्या, खणखणीत, आणि आत्याने मान डोलवली. मग तिची पाळी. भूप रागाच्या अंगाचा एक अभंग. काळी तीनचा भूप म्हणजे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर, पांढऱ्यांना हात लावायचा नाही. मी अगदी शेजारी, भात्याच्या बाजूला बसलो होतो, म्हणून दिसलं. बोटं षड्जावरून रिषभावर, तिथून पंचमाकडे, धैवत आता रडत नव्हता. आणि ओळ गांधारावर थांबायची आली की आत्या पट्टीवरून बोट उचलायची. पेटी तेवढ्यापुरती गप्प. मागे मोबाइलवरचा तंबोरा, आणि त्यावर नुसता तिचा गांधार, जरासा खाली, स्थिर. मग पुढच्या स्वराला बोट परत पट्टीवर.

मी लहानपणापासून तिला वाजवताना बघतोय. दुसऱ्या कडव्याला मी बोटं मोजली. प्रत्येक वेळी उचललं.

रात्रीच्या गाडीला निघताना तिने द्राक्षं बांधून दिली आणि म्हणाली, पुढच्या वेळी रजा जास्त काढ.